पाहुण्याची मूठ

चाचांनी मला खोली भाड्यानं दिली ती माझा हात बघून. नोकरी कुठं, गाव कोणतं, जात कोणती, पोरगी एकटी राहणार तर भेटायला कोण कोण येणार, या प्रश्नांची उत्तरं त्या आठवड्यात मिरजेतल्या सहा घरमालकांना देऊन मी दमले होते. सातव्या दारात एक उंच, खांद्यातून वाकलेला, दाढीला मेंदी लावलेला म्हातारा लाकडाच्या भुशात मांडी घालून बसला होता. वर न बघताच तो म्हणाला, "हात बघू."

मला वाटलं, हा ज्योतिष सांगणारा. बायकांचा डावा बघतात म्हणून मी डावा पुढं केला.

"उजवा. कांदा डाव्या हातानं चिरतीस व्हय?"

त्यांनी माझा उजवा हात उलटासुलटा केला, अंगठ्याचं पेर दाबलं, बोटं एकेक करून मिटवली, पुन्हा उघडली. मग घरात तोंड करून ओरडले, "अगं, तुज्यावानी हात हाय. ठिवून घिऊ का?"

आतून चाचींचा आवाज आला, "हात ठिवा न्हाईतर पाय, पर आदी चा प्या. निवतोय."

एवढ्या चौकशीवर मी त्या घरात चार वर्षं राहिले. मी मूळची मेढ्याची. मिरजेत फिजिओथेरपी शिकले आणि तिथंच एका दवाखान्यात लागले. चाचांनी माझ्या शिक्षणाचा एकदाच अंदाज घेतला आणि कायमचं ठरवून टाकलं की मी 'मालिशवाली डॉक्टर' आहे. गल्लीत कुणाची मान आखडली की ते त्याला थेट माझ्या खोलीवर पाठवत. रविवार माझा असतो हे त्यांना कधीही पटलं नाही.

चाचा जातीचे शिकलगार. त्यांचे वडील, आजे पात्यांना धार लावत आले. चाचांनी मात्र धारेचा धंदा चुलतभावांना सोडून दिला आणि आयुष्यभर फक्त मुठी केल्या. सुरीच्या, चाकूच्या, कोयत्याच्या. फलटणकडचे ऊसतोडीचे मुकादम बाभळीच्या दांड्यांसाठी यायचे, तासगावकडचे द्राक्षाची कलमं बांधणारे छोट्या चाकूच्या मुठींसाठी. चाचा म्हणायचे, पातं लोहाराचं, धार पोटाची, पर मूठ माणसाची.

मूठ करायची त्यांची रीत जगावेगळी होती. गिऱ्हाइकाला आल्याबरोबर ते ओल्या गोणपाटात ठेवलेल्या मातीचा एक गोळा द्यायचे. "धर. दाब. आता कांदा चिर. न्हाई, खराखुरा चिरल्यावानी." माणूस हवेत कांदा चिरायचा, दारातून जाणारे हसायचे, आणि मातीत त्याची चार बोटं आणि अंगठा उमटायचा. तो गोळा वाळला की त्याबरहुकूम लाकूड घासायचं. हात न दाखवता मूठ मागणाऱ्याला ते पाणीसुद्धा विचारत नसत. पुण्याहून एकदा एक तरुण आला होता, ऑनलाइन सुऱ्या विकणारा. वीस मुठी पाहिजेत म्हणाला. चाचांनी विचारलं, "हात कुठं हायती?" तो म्हणाला, "कुणाचे?" "धरणाऱ्यांचे." तो म्हणाला, ते अजून ठरायचेत, आधी सुऱ्या तयार होतील मग गिऱ्हाईक येईल. चाचा मला म्हणाले, "ह्याला रस्ता दाव गं. ह्यो नवरी नसताना हळद वाटतोय."

गिऱ्हाइकांचे ते वाळलेले गोळे भिंतीच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले असत. आमच्या खाटकाचा हात, कोपऱ्यावरच्या खाणावळीतल्या मावशींचा हात, बागायतदारांचे हात. गावात कुणी गेलं की चाचा त्याचा गोळा उचलायचे, पिशवीत घालायचे आणि कृष्णेवर जाऊन पाण्यात सोडायचे. हिंदू असो, मुसलमान असो, गोळा पाण्यातच. मी विचारलं तर म्हणाले, "हात गेल्यावर माप ठिवून काय करायचं?"

आणखी एक. तयार सुरी त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवायचे, गिऱ्हाइकानं वाकून उचलायची. आमच्याकडंही मीठ आणि कात्री हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. पण चाचांचं हे वेड थेट घरापर्यंत होतं. चाचींनी भाजी चिरताना सुरी मागितली तरी ते ती फरशीवर ठेवायचे. "धार हातातनं हातात गेली की माणसं तुटत्यात," एवढंच म्हणायचे. चाची म्हणायच्या, चाळीस वर्सं झाली, वाकून वाकून माझी कंबर गेली, पर भांडण काय चुकलं न्हाई.

तर हा असा सगळ्या गावाच्या मुठी करणारा माणूस, आणि त्याच्या बायकोच्या सुरीला मूठ नव्हती. नुसत्या पात्याच्या शेपटाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. त्या चिंधीच्या सुरीनं चाची असा कांदा चिरायच्या की बघत राहावं. लग्नाच्या बिर्याणीला मोहल्ल्यातून त्यांना बोलावणं यायचं ते फक्त कांद्यासाठी. चिंधीबद्दल कुणी टोमणा मारला की चाचा गंभीरपणे सांगायचे, "तिची मूठ पाहुण्याची हुनार हाय."

हा पाहुणा म्हणजे एक लाकडाचा तुकडा. चाचांकडं लाकडांचा साठा होता आणि प्रत्येकाची कुळकथा त्यांना पाठ होती. हे शिसव मेढ्याच्या डोंगरातलं, ही चौकट कोयनानगरच्या भूकंपात पडलेल्या घराची, हे चिंचेचं खोड अमक्या मळ्यातलं. पण पाहुणा वेगळा ठेवलेला असायचा, चाचींच्या जुन्या ओढणीत गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत. शेजारी तंबोरे करणारे होते. त्यांच्याकडं आलेल्या कुणा परदेशी गिऱ्हाइकानं तो मागं ठेवला होता, आणि चाचींनी तो पहिल्यांदा बघून "ह्ये माझं" म्हटलं होतं. कुठल्यातरी लांबच्या मुलखातलं, आफ्रिकेतलं असावं. वीतभर लांब, पिवळसर अंग आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्द तपकिरी पट्टे, पायजम्याच्या कापडाला असतात तसे सरळ. वर्षातून एकदा ईदच्या आधी चाचा त्याला जवसाचं तेल पाजायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. वीस वर्षं हेच चाललं होतं. एकाच मुठीपुरतं लाकूड, आणि चाचांचा धीर होत नव्हता. "लाकूड काढता येतंय, लावता येत न्हाई," हे त्यांचं नेहमीचं पालुपद. चाची म्हणायच्या, "पाहुना आला, बसला, आता मयतीलाच उठनार."

त्या हे हसून म्हणायच्या. तेव्हा आम्हीही हसायचो.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी चाचींच्या हातातून डब्याचं झाकण निघेना. मी सहज त्यांचा हात हातात घेतला आणि उजेडात नेऊन बघितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस बसलं होतं, तिथं खळगा पडला होता. कातडीखाली बारीक बारीक फडफड चालली होती. माझ्या धंद्यात असा हात दिसला की माणूस आधी दुसरं काहीतरी असू दे अशी प्रार्थना करतो. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, मी बरोबर होते. तिथल्या डॉक्टरांना घाई होती. नसांचा आजार आहे, व्यायाम करा, ही मुलगी घरातच आहे, ती कागद समजावून सांगेल, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो कागद इंग्रजीत होता. संध्याकाळी चाचांनी तो माझ्यापुढं धरला. चाची समोर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी चहाचा कप धरून, माझ्या तोंडाकडं बघत. कागदात लिहिलं होतं की हा आजार वाढतच जातो आणि गेलेली ताकद परत येत नाही. हातापासून सुरू झालाय, पुढं गळ्यापर्यंत, श्वासापर्यंत जाईल.

मी म्हणाले, "नसा दुखावल्यात. व्यायामानं फरक पडेल."

"हात थांबंल न्हवं?" चाचांनी विचारलं. म्हणजे कमी होत चाललेला हात कुठंतरी स्थिर होईल ना.

"थांबेल."

"कवा?"

"सहाएक महिन्यांत."

मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. मी भित्री होते, एवढंच त्याचं कारण. रोज पेशंटना "येईल हं ताकद" म्हणायची जिभेला सवय झालेली, ती सवय पुढं आली आणि मी तिच्या मागं लपले. पुढं बोलू, हळूहळू सांगू, असं स्वतःला समजावलं. हळूहळू म्हणजे कधीच नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी चाचा पेटी उघडून बसले. ओढणी सोडून पाहुणा गुडघ्यावर घेतला आणि मला बोलावलं. "आत्ताच्या हाताची करू का? जाड करतो, आतनं पोखरून हलकी करतो. आजून धरतीया ती. चिंधी निसटती, पर जाड मूठ धरंल."

हे त्यांचं अगदी बरोबर होतं. त्या हाताला तेव्हा तशी मूठ मिळाली असती तर वर्षभर तरी चाची स्वतःचा कांदा स्वतः चिरू शकल्या असत्या. दवाखान्यात आम्ही चमच्यांना, पेनांना असंच जाड वेष्टण करून देतो. मला हे माहीत होतं आणि मी म्हणाले, "थांबा चाचा. आता जाड केली आणि हात सुधारला तर? लाकूड एकच आहे."

एकदा हात सुधारणार असं म्हटल्यावर मला दुसरं काही म्हणताच येईना.

चाचा थांबले. पण त्यांनी त्यांच्या रीतीनं चौकशी सुरू केली. दर महिन्याला चाचींच्या हातात एक गोळा. "दाब गं. कांदा चिर." चाची हवेत कांदा चिरायच्या आणि चाचा तो गोळा वेगळ्या फळीवर ठेवायचे. पहिल्या गोळ्यात बोटं चांगली रुतलेली होती. दुसऱ्यात कमी. चौथ्यात करंगळीची जागा नुसती ओलसर चकाकत होती. सातव्या महिन्यात चाचांनी मला त्या फळीसमोर उभं केलं. सात गोळे ओळीनं, आणि खड्डे उथळ उथळ होत गेलेले. शाळेतल्या पोरालाही वाचता आलं असतं.

"तू म्हंतीस थांबंल. माती तर येगळंच सांगतीया."

"माती ओली-सुकी असते, चाचा. मी रोज त्यांचा हात धरते. मला कळतं."

"माती खोटं बोलत न्हाई, पोरी."

"मग काय मी खोटं बोलते?"

मी चिडून बोलले. खोटं पकडलं गेलं की माणसाला जो राग येतो तो. चाचा वरमले. म्हणाले, "तसं न्हवं. तू शिकल्याली हाइस. पर मी काय म्हंतो, ह्या सातव्या मातीची तरी करू. जशी धरती तशी." आणि त्यांनी तो सातवा गोळा उचलला. त्याच्यावर जवळजवळ काहीच उमटलेलं नव्हतं. त्याची मूठ झाली असती तर ती कुणाच्याही हाताची दिसली नसती, आणि ती बघून चाचींना सगळं समजलं असतं. कागदात जे होतं ते लाकडात आलं असतं. ते मला सोसणार नव्हतं. मी हात पुढं केला.

"माझ्या हाताचं माप घ्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, हात सारखे आहेत. ताकद आली की त्यांची पकड अशीच असेल. मूठ तयार असली की त्यांना हुरूप येईल."

चाचांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला. एकाचं माप घेऊन दुसऱ्याची मूठ त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांचा नियम मोडायचा तर कुणीतरी भरवशाचं माणूस लागणार होतं, आणि त्या घरात ते माणूस मी होते. त्यांनी गोणपाट उघडलं, गोळा दिला. मी हवेत कांदा चिरला. माझी चार बोटं आणि अंगठा मातीत खोल, स्वच्छ उमटले.

पाहुण्याला करवत लावली त्या दिवशी सगळ्या घरात घाण वास सुटला. कुठं उंदीर मेलाय म्हणून मी कोपरे शोधत होते. ते लाकूड कापताना तसंच नासक्यासारखं घाण मारतं, हे कुणाला माहीत असणार? चाची आतून हसत ओरडल्या, "वीस वर्सं आंघोळ न्हाई त्याला, वास तर येनारच!" किती दिवसांनी त्या अशा हसल्या होत्या. चाचाही हसले. मला वाटलं, बघा, मी म्हटलं नव्हतं का? हुरूप येतो.

आठ दिवस चाचा कानशीनं घासत होते. पट्टा सरळ यावा, बोटाच्या खाचेत वाकडा जाऊ नये म्हणून केसाएवढं काढायचे आणि डोळ्याजवळ धरून बघायचे. शेवटी लाख वितळवून पातं बसवलं, तेलाचा हात फिरवला. मी त्यांच्या हातची इतकी देखणी मूठ दुसरी पाहिली नाही. पट्टे पात्यापासून निघून शेवटपर्यंत न तुटता गेले होते. जुम्म्याचा दिवस होता. नमाजाहून आल्यावर त्यांनी ती सुरी आणली, चाचींसमोर फरशीवर ठेवली, आणि दोन पावलं मागं सरकले.

चाचींनी हात खाली नेला. बोटं मुठीभोवती गेली, पण मिटली नाहीत. त्यांनी डाव्या हातानं उजवी बोटं मिटवली. सुरी बोटभर उचलली गेली आणि निसटून फरशीवर पडली. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा पातं फरशीवर वाजलं तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आम्ही तिघंही त्या सुरीकडंच बघत होतो, कारण एकमेकांकडं बघायची कुणाची छाती नव्हती.

मग चाची म्हणाल्या, "पोरी, तू उचल. कशी दिसती बघू दे."

मी वाकून उचलली. मूठ हातात अशी बसली, जणू हाताचंच हाड. माझ्याच मापाची, बसणारच.

"लय झ्याक बसली," चाची म्हणाल्या. "आता तूच चिर कांदा. मी सांगते कसा."

चाचा उठून पुढच्या खोलीत गेले. दिवसभर कानशीचा आवाज आला नाही. त्यानंतर चाचींच्या हातात मातीचा गोळा कधी दिला गेला नाही.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष त्या घरातला कांदा मी चिरला, पाहुण्याच्या सुरीनं. चाची शेजारी खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या. "बारीक. बारीक म्हंजे बारीक, ह्यो काय गुरांचा चारा हाय?" नंतर हुकूम अस्पष्ट झाले, बोलताना जीभ जड व्हायला लागली. नंतर त्या नुसत्या डोळ्यांनी सांगायच्या. मी कधीतरी सांगायचं ठरवून यायचे, आणि कांदा चिरून निघून जायचे. डोळ्यांत पाणी असायचं, ते कांद्याच्या नावावर खपून जायचं. व्यायाम मी शेवटपर्यंत करून घेतले. बोटं एकेक करून मिटवायची, उघडायची, मिटवायची. ते कशासाठी हे मलाही सांगता आलं नसतं. थंडीत एका सकाळी त्यांचा श्वास थांबला.

चाळिसावा झाल्यावर चाचांनी फळीवरचे सात गोळे पिशवीत घातले. मी म्हणाले, मी येते नदीवर. ते म्हणाले, "नगं." त्या घरात मला नको म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते दुपारी परत आले. पिशवी रिकामी होती, पण खिशात घडी घातलेला कागद होता. तोच, दवाखान्यातला इंग्रजी कागद.

"मेडिकलवाल्याकडनं वाचून घितला," ते म्हणाले. "येता येता."

त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

"तुला ठावं हुतं व्हय?"

"हो."

"पयल्या दिवसापास्नं?"

"हो, चाचा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उंबऱ्यावर बसले आणि रिकाम्या फळीकडं बघत, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मला सांगायचं हुतंस. मी काय तिला कळू दिलं नसतं. मी तिची त्या हाताची मूठ केली असती. तवाच्या हाताची. तिनं धरली असती गं." थोड्या वेळानं म्हणाले, "माती सांगत हुती. मी तुझं ऐकलं."

महिनाअखेर मी खोली सोडते म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. थांब म्हणाले नाहीत.

निघायच्या दिवशी बाहेर रिक्षा उभी होती. मी चप्पल घालत होते, तेवढ्यात चाचा स्वयंपाकघरातून ती सुरी घेऊन आले. फडक्यानं पुसलेली, मुठीला ताजं तेल. "तुझ्या मापाची हाय. हितं कुनाच्या कामाची न्हाई," म्हणाले. मी सवयीनं उंबऱ्याकडं वाकले. चार वर्षांत शिकलेलंच होतं, ते ठेवणार आणि मी उचलणार.

त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली नाही. माझा उजवा हात धरला, उघडला, मूठ तळव्यावर ठेवली आणि पहिल्या दिवशीसारखी माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली. मग हात सोडून आत गेले आणि दार लावून घेतलं.